जुनाट वेदनेचा रुग्ण ओपीडीत: आधी काय, नंतर काय, आणि काय टाळायचं

हा लेख ठाणे आणि नवी मुंबईतल्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. पेन क्लिनिककडे येणाऱ्या चिठ्ठ्या वाचताना सारखं जाणवतं की औषधं बहुतेक वेळा ठीक असतात, क्रम मात्र उलटा झालेला असतो. पहिल्याच भेटीत एमआरआय, सोबत तीन घटकांची एक गोळी, कमरेला पट्टा. महिन्याने फरक नाही म्हणून आणखी एक गोळी. अंगाला हात लावून तपासणं, मोजमाप आणि रुग्णाशी बोलणं सगळ्यात शेवटी, तेही वेळ उरला तर. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात हा उलटा क्रम रुग्णाला वर्षानुवर्षं महागात पडतो.

खालचे टप्पे दोन-तीन भेटींत वाटून घेतले तरी चालेल. क्रम मोडू नका. कर्करोगाच्या वेदनेचे नियम वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

## टप्पा १: भेटीआधीची तयारी

अपॉइंटमेंट देतानाच रिसेप्शनवरून सांगायला लावा: घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा. चालू असलेल्या, बंद केलेल्या, केमिस्टने परस्पर दिलेल्या, शेजारणीने दिलेल्या, पुड्या आणि काढेसुद्धा. नुसती यादी चालणार नाही, कारण रुग्ण ज्याला औषध समजत नाही ते यादीत येत नाही.

ती पिशवी टेबलावर रिकामी करा. तुर्भ्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्या पन्नाशीच्या माथाडी कामगाराच्या पिशवीतून साधारण हे निघतं: एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची अर्धी स्ट्रिप, त्याच औषधाची दुसऱ्या ब्रँडची अर्धी स्ट्रिप, प्रीगॅबालिन आणि मिथाइलकोबालामिनची कॅप्सूल, बीपीसाठी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन, साखरेसाठी मेटफॉर्मिन, आणि कागदात बांधलेली बिननावाची ‘सांधेदुखीची पुडी’. यातून तीन प्रश्न लगेच उभे राहतात. एकच वेदनाशामक दुप्पट जातंय का? किडनीवर ताण येतोय का? मेटफॉर्मिनमुळे बी-१२ कमी होऊन पायांची आग होतेय का?

सावधान: एसिक्लोफेनॅकसारखं सूज उतरवणारं वेदनाशामक, टेल्मिसार्टनच्या गटातलं औषध आणि लघवी वाढवणारं औषध, ही तिन्ही एकत्र असतील तर किडनी अचानक बसू शकते. क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) पाहिल्याशिवाय असं वेदनाशामक पुढे चालू ठेवू नका. बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. रुग्ण ती महिनोन्महिने घेत असेल तर एका झटक्यात बंद करायला सांगू नका.

टेबलाच्या खणात कापूस, टोकदार टूथपिक, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा), १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि रिफ्लेक्स हॅमर हवा. पुढच्या दोन टप्प्यांना एवढं पुरतं.

## टप्पा २: धोका आधी शोधा

दुखणं जुनं आहे म्हणजे धोका टळला, असं नाही. जुन्या पाठदुखीच्या रुग्णालाही नवीन आजार होतो, आणि तोच जास्त निसटतो, कारण सगळ्यांनी ‘त्यांची पाठ नेहमीच दुखते’ असं गृहीत धरलेलं असतं.

लघवी-संडासचं थेट विचारा. लघवी अडते का, कळत नकळत होते का, पुसताना जागा बधिर लागते का? लाजेपोटी रुग्ण आपणहून सांगत नाही. होकार आला, किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी होत असेल, तर त्याच दिवशी सर्जरीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवा. पुढच्या आठवड्याची एमआरआयची तारीख इथे चालत नाही.

आपल्याकडे मणक्याचा टीबी कायम मनात ठेवायचा. संध्याकाळची कणकण, घटलेलं वजन, एकाच मणक्यावर ठोकल्यावर दुखणं, चढलेला ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी). अशा रुग्णाला ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन देऊ नका. टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं. पन्नाशीनंतरच्या नव्या पाठदुखीत ॲनिमिया आणि वाढलेला ईएसआर एकत्र दिसले तर मायलोमाचा (अस्थिमज्जेच्या कर्करोगाचा) विचार करा. स्टेरॉइडवर असलेल्या वयस्कर बाईंची पाठ हंडा उचलताना अचानक धरली असेल तर एक्स-रे काढून मणका दबलाय का ते बघा.

तरुणांत होणारी एक चूक वेगळी सांगायला हवी. ऐरोली-महापेच्या आयटी कंपनीतला तिशीचा मुलगा, तीन वर्षं कंबरदुखी, ‘बसून काम आहे’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला. त्याला विचारा: सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडते का? आराम केल्याने वाढतं आणि चालल्याने कमी होतं का? पहाटे दुखण्याने जाग येते का? उत्तरं ‘हो’ असतील तर ही संधिवातातली कंबरदुखी असू शकते. त्याला संधिवात-तज्ज्ञाकडे पाठवा.

तपासा: हिमोग्राम, ईएसआर, क्रिएटिनिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ या चाचण्या बहुतेकांना उपयोगी पडतात. पन्नाशीपुढे कॅल्शियम जोडा. यापलीकडची पॅकेजं लागत नाहीत.

## टप्पा ३: वेदना कोणत्या प्रकारची, ते ठरवा

औषध याच टप्प्यावर ठरतं आणि सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

पहिला प्रकार, सांधे-स्नायूंना इजा किंवा सूज झाल्याची वेदना. हालचालीवर बदलते, जागा बोटाने दाखवता येते. गुडघ्याची झीज याचं नेहमीचं उदाहरण.

दुसरा प्रकार नसेच्या वेदनेचा. यासाठी डीएन-फोर ही दहा गुणांची प्रश्नावली ओपीडीत सहज बसते. रुग्णाच्या भाषेत विचारा: आग होते का, बर्फ लावल्यासारखं गार दुखतं का, करंट लागल्यासारखी चमक जाते का; त्याच जागी मुंग्या येतात का, सुया टोचतात का, बधिर वाटतं का, खाज येते का. मग तपासणी: कापसाचा स्पर्श कमी कळतो का, टूथपिकचं टोक बोथट लागतं का, आणि त्या जागेवरून हलकं काही फिरवलं तर दुखतं का. प्रत्येक होकाराला एक गुण. चार किंवा जास्त गुण मिळाले तर नसेच्या वेदनेची शक्यता मोठी.

नेहमीची चूक: पहिले सात प्रश्न विचारून गुण लिहायचे आणि तपासणीचे तीन सोडायचे. नुसत्या ‘मुंग्या येतात’वर प्रीगॅबालिन लिहिलं जातं ते इथेच.

तिसऱ्या प्रकाराला नोसिप्लास्टिक वेदना म्हणतात. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने ही संज्ञा २०१७ मध्ये स्वीकारली. ऊतींना किंवा नसेला इजा झाल्याचा पुरावा सापडत नाही, पण वेदना जाणवून देणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. फायब्रोमायल्जिया यातच येतो. दुखणं अंगभर पसरलेलं, झोप उडालेली, थकवा, विसराळूपणा, मोठा आवाज किंवा प्रखर उजेड सहन न होणं, अशी ठोस लक्षणं शोधा. या संज्ञेवर वाद आहे. काही डॉक्टरांना वाटतं की जे कळत नाही ते सगळं या खात्यात टाकलं जाईल. भीती रास्त आहे, म्हणून माझा आग्रह असा की रिपोर्ट नॉर्मल आले एवढ्यावर हे निदान करू नका. वरची लक्षणं हजर असतील तरच करा.

आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य कायमचं बंद करा. अंगदुखी घेऊन येणाऱ्या बायकांना ते इतक्यांदा ऐकायला मिळालेलं असतं की त्या डॉक्टरला लक्षणं सांगणंच सोडून देतात.

एकाच रुग्णात दोन प्रकार असू शकतात. कागदावर दोन्ही लिहा आणि जास्त त्रास कशाचा, त्याखाली रेघ ओढा.

## टप्पा ४: एमआरआय हवाच का?

धोक्याची लक्षणं, वाढत जाणारी कमजोरी, किंवा सर्जरी-इंजेक्शनचा विचार, या तीन कारणांशिवाय पाठीचा एमआरआय पुढे ढकला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांमध्येही डिस्कची झीज २० वर्षांच्या वयात ३७ टक्के आणि ८० व्या वर्षी ९६ टक्के लोकांत दिसली. रिपोर्ट हातात आला की ‘बल्ज’ (डिस्क फुगलेली) हा शब्द रुग्णाच्या डोक्यात घर करतो. मग तो वाकायचं बंद करतो, आणि स्नायू आणखी कमकुवत होतात.

## टप्पा ५: सुरुवातीचा आकडा लिहा

शून्य ते दहा असे तीन प्रश्न विचारा. गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं? दुखण्यामुळे जगण्यातला आनंद किती कमी झाला? रोजच्या कामात किती अडथळा आला? तिन्हींची सरासरी केसपेपरवर. पुढे ३० टक्के सुधारणा म्हणजे खरा फरक.

त्याखाली रुग्णाने स्वतः निवडलेलं एक काम लिहा: तलावपाळीला न बसता एक फेरी, ऐरोली स्टेशनचा जिना न थांबता चढणं, नातवाला उचलणं. ‘दुखणं शून्य’ हे ध्येय लिहू नका.

झोप आणि मन याच वेळी विचारा. जगण्याचा कंटाळा आलाय का, हेही सरळ विचारा. विचारल्याने धोका वाढत नाही. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देता येतो.

## टप्पा ६: औषधाआधी पाच मिनिटं बोला

असं काहीतरी: ‘काका, तुमचं दुखणं खरं आहे. एमआरआयमधले बदल वयाने होतात, केस पिकतात तसे. दुखापत भरून आली, पण नसा आणि मेंदू अजून सावधच आहेत, म्हणून थोड्याशा हालचालीलाही जास्त दुखतं. दुखलं म्हणजे प्रत्येक वेळी इजा झाली असं नाही. ही सावधगिरी हळूहळू कमी करता येते.’

‘गादी फाटली’, ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘आता आयुष्यभर वाकायचं नाही’ ही वाक्यं टाळा. तीन सेकंदांत उच्चारलेलं असं वाक्य खोडून काढायला फिजिओथेरपिस्टला महिने लागतात.

बोलण्यानेच उपचार करण्याचे प्रयोगही झाले आहेत. पेन रीप्रोसेसिंग थेरपीच्या एका अमेरिकी चाचणीत जुन्या पाठदुखीचे ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळपास वेदनामुक्त झाले. प्लासिबोच्या (औषधी घटक नसलेल्या उपचाराच्या) गटात हे प्रमाण २० टक्के होतं. निकाल लक्ष वेधणारा आहे, पण चाचणी लहान होती, एकाच ठिकाणची होती आणि त्यातले बहुतेक लोक शिकलेले, हिंडते-फिरते होते. यातला विचार घ्या, आकडा रुग्णाला सांगू नका.

## टप्पा ७: हालचालीचा डोस लिहा

‘व्यायाम करा’ हे प्रिस्क्रिप्शन नव्हे. डोस असा काढा: सगळ्यात वाईट दिवशीही रुग्ण किती मिनिटं चालू शकतो? आठ? मग रोज आठ. पुढच्या आठवड्यात नऊ. बरं वाटलेल्या दिवशी जास्त नाही आणि दुखणाऱ्या दिवशी शून्य नाही. बरं वाटलं म्हणून तासभर चालायचं आणि मग तीन दिवस अंथरुणात पडायचं, या चक्रातच बहुतेक रुग्ण अडकलेले असतात. जागाही ठरवून द्या: उपवन, वाशीचं मिनी सीशोर, सोसायटीचा पार्किंग. पावसाळ्यात घरातल्या घरात. हमालीचं काम सोडता येत नसेल त्याला ‘वजन उचलू नका’ सांगून काही होत नाही. पाळीच्या मधल्या विश्रांत्या आणि ओझं अंगाजवळ धरून उचलण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकवून घ्या.

जुन्या पाठदुखीवरच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत शिक्षण, व्यायाम, मानसोपचार यांना पाठिंबा आहे. कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन (वजन लावून मणका ताणणं) आणि ओपिऑइड (ट्रामाडॉल, मॉर्फिनसारखी अफूच्या गटातली औषधं) यांच्या विरोधात शिफारस आहे. आपल्याकडे ट्रॅक्शनचे दहा-दहा दिवसांचे कोर्स अजून सर्रास लिहिले जातात. ते थांबवा.

## टप्पा ८: औषध एका वेळी एकच

प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहा: कशासाठी, किती आठवड्यांनी ठरवायचं, उपयोग न झाल्यास कधी बंद.

आपल्या बाजारातली मोठी अडचण म्हणजे जोडगोळ्या. प्रीगॅबालिन-नॉरट्रिप्टिलिन-मिथाइलकोबालामिन एकाच कॅप्सूलमध्ये असलं की चक्कर कशाने आली ते कळत नाही, एक वाढवून दुसरं तेवढंच ठेवता येत नाही, आणि बी-१२ची कमतरता नसतानाही रुग्ण त्याचे पैसे भरत राहतो. सुटी औषधं लिहा.

गुडघ्याच्या झिजेत आधी डायक्लोफेनॅकचं मलम, मग गरज पडल्यास थोड्या दिवसांसाठी पोटाच्या संरक्षणासह गोळी. एटोरिकॉक्सिब लिहिण्याआधी बीपी मोजा. ताब्यात नसेल तर ते नको.

नसेच्या वेदनेत ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन साधारण तोडीस तोड आहेत. मधुमेही नसांच्या वेदनेवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत कुठल्याही औषधाने सुरुवात केली तरी फरक पडला नाही. एकाने पुरेसं भागलं नाही तेव्हा दुसरं जोडल्यावर फायदा वाढला. म्हणून निवड रुग्णाच्या बाकीच्या आजारांवरून करा.

झोप नसलेला, हृदय आणि प्रोस्टेट ठीक असलेला रुग्ण: ॲमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅम, एक-दोन आठवड्यांनी १० ने वाढवत. वयस्करांत आधी ईसीजी, काचबिंदूची चौकशी. खिन्नता किंवा गुडघेदुखी सोबत असेल तर ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम आठवडाभर, मग ६०. त्यापुढे वाढवून फारसा लाभ नाही. लघवीच्या गोळीवर असलेल्या वृद्धाचं सोडियम तपासा. प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम रात्री, वृद्धांत २५ किंवा ५०. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) ३० ते ६० असेल तर दिवसाची कमाल मर्यादा ३०० मिलिग्रॅम, १५ ते ३० असेल तर १५०. सहन होणाऱ्या डोसवर चार ते सहा आठवडे दिल्याशिवाय ‘उपयोग नाही’ म्हणू नका. बंद करताना हळूहळू उतरवा.

सावधान: ड्युलोक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसोबत ट्रामाडॉल दिल्यास सेरोटोनिन सिंड्रोम (सेरोटोनिन जास्त झाल्याने होणारी विषबाधा) आणि फिट येण्याचा धोका वाढतो. प्रीगॅबालिन आणि ओपिऑइड एकत्र, त्यात वय जास्त किंवा दमा-सीओपीडी असेल, तर श्वास मंदावू शकतो.

कंबर दुखते आणि कळ पायात जाते म्हणून प्रीगॅबालिन लिहिण्याची सवय मोडायला हवी. सायटिकावर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली.

ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये आणखी पुढची भूमिका घेतली. नोसिप्लास्टिक ढंगाच्या प्राथमिक जुनाट वेदनेत पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी वेदनाशामकं, गॅबापेंटिन गट (प्रीगॅबालिन यातलंच) आणि ओपिऑइड नव्याने सुरूच करू नका, व्यायाम, मानसोपचार आणि गरजेप्रमाणे काही अँटीडिप्रेसंट वापरा, असं तिथे म्हटलं आहे. रुग्णाच्या हातातून सगळंच काढून घेतलं, अशी टीका त्यावर झाली. मला या शिफारशीची दिशा पटते. पण मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपी परवडेल अशी सोय उभी न करता ती लागू केली तर रुग्ण सरळ केमिस्टकडे जाईल.

नवीन औषध सुझेट्रिजिनबद्दल रुग्ण विचारू लागले आहेत. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये त्याला तीव्र, म्हणजे अल्पकाळच्या वेदनेसाठी परवानगी मिळाली. जुनाट वेदनेसाठी ती परवानगी नाही, एवढं सांगा.

## टप्पा ९: ओपिऑइड सुरू करण्याआधी आणि बंद करताना

२०१८ च्या एका अमेरिकी चाचणीत जुनी पाठदुखी आणि गुडघा-खुब्याच्या झिजेत वर्षभर ओपिऑइड देऊनही साध्या औषधांपेक्षा रोजच्या कामात सुधारणा जास्त झाली नाही. म्हणून सुरुवात करण्याआधी थांबा. ट्रामाडॉल २०१८ पासून आपल्याकडे एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. चिठ्ठी आणि नोंद काटेकोर ठेवा.

पण जो रुग्ण दोन वर्षं ट्रामाडॉलवर आहे, त्याचं आज झटक्यात बंद करणं ही वेगळी आणि धोकादायक चूक आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेचा अर्थ असाच ताणला गेला आणि रुग्णांचे हाल झाले. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत तो सूर बदलला. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्याचा डोस महिन्याला सुमारे १० टक्के किंवा त्याहून हळू उतरवा, रुग्णाशी ठरवून. मध्ये थांबावं लागलं तर थांबा.

## टप्पा १०: इंजेक्शनसाठी पाठवायचं का?

इथला वाद सध्या सगळ्यात तापलेला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शिकेने जुन्या पाठ-मानदुखीत एपिड्युरल (मणक्यातल्या नसांभोवती दिलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन), सांध्यातली इंजेक्शनं, रेडिओफ्रीक्वेन्सी (उष्णतेने नस निकामी करणं) यांच्या विरोधात ठाम शिफारस केली. हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतला की वेगवेगळे रुग्ण आणि वेगवेगळी तंत्रं एका टोपलीत टाकली गेली.

माझं मत: नुसत्या कंबरदुखीसाठी एपिड्युरलला पाठवू नका. काही आठवड्यांची ताजी पायातली कळ, तपासणीत त्याच नसेची खूण आणि एमआरआयमध्ये त्याच पातळीवर दाब, हे तिन्ही जुळलं तर तज्ज्ञाशी बोलायला हरकत नाही. आराम तात्पुरता असेल हे आधी सांगा. मधुमेही रुग्णाची साखर नंतर काही दिवस चढते, त्याचं नियोजन आधी करा.

गुडघ्यात पीआरपीची (रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनांची) पॅकेजं इथे जोरात विकली जातात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत वर्षभरानंतर पीआरपी आणि सलाइनच्या इंजेक्शनात वेदनेचा लक्षणीय फरक दिसला नाही. रुग्ण दागिना मोडून पैसे आणणार असेल तर हे त्याला कळायलाच हवं.

## टप्पा ११: फॉलो-अप आणि चिठ्ठी

चार आठवड्यांनी तेच तीन प्रश्न, तेच काम. ३० टक्के सुधारणा असेल तर तेच चालू ठेवा आणि तीन महिन्यांनी औषध कमी करून बघा. सुधारणा नसेल तर नवीन जोडण्याआधी जुनं काढा. दुखणं अचानक उसळलं तर काय करायचं हे आधीच लिहून द्या: चालणं अर्धं करा, बंद नको, शेक घ्या, कुठली गोळी, किती दिवस, आणि कोणत्या लक्षणाला लगेच फोन.

पेन क्लिनिककडे पाठवताना ‘क्रॉनिक बॅकॅक, प्लीज डू द नीडफुल’ एवढंच लिहू नका. चिठ्ठीत पाच गोष्टी हव्यात: वेदनेचा प्रकार आणि डीएन-फोरचे गुण, धोक्याची लक्षणं तपासली त्याची नोंद, तीन प्रश्नांचे आधीचे आणि आताचे आकडे, दिलेलं प्रत्येक औषध डोस-कालावधी आणि बंद करण्याच्या कारणासह, आणि रुग्णाने निवडलेलं काम. त्या चिठ्ठीची एक झेरॉक्स रुग्णाच्या फाइलला लावा. तो मध्येच दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, तर तेच औषध, त्याच डोसमध्ये, पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ नये.